गायीची ट्यूब, आत्याची टाच

बीएस्सीच्या टीवायचं ते वर्ष आठवायला बसलो की आधी वास येतो. आत्याच्या पायाची पट्टी सोडली की यायचा तो. साखर कारखान्याच्या मळीच्या नाल्याकडेनं सायकल काढली की येतो ना, गोडूस आणि कुजका, तसा. नगरच्या त्या दवाखान्यात मी रोज सकाळी दहाला तो वास घ्यायचो, अकराला सायकल हाणत कॉलेज गाठायचो, प्रॅक्टिकलला उभा राहायचो आणि पाचला परत दवाखान्यात. रूमवर फक्त आंघोळीपुरता जायचो. रूम पार्टनरला वाटायचं मी कुणाच्या तरी प्रेमात पडलोय.

एरवी मी गप्प बसणारातला नाही. गावाकडं माझी ओळखच नकलांची. सरपंच, कंडक्टर, रेडिओवर शेतीच्या बातम्या देणारा माणूस, सगळे माझ्या घशात राहायला. शाळेत हेडसरांच्या आवाजात अर्धी सुट्टी जाहीर केली होती, तेव्हा निम्मी शाळा घरी गेली आणि मी आठ दिवस अंगठे धरून उभा राहिलो. पण त्या दवाखान्यात डॉक्टर जे बोलले त्याची नक्कल मला आजही जमत नाही. हळू, थकलेल्या आवाजात, दुसऱ्याच कागदाकडे बघत ते म्हणाले, "पुढच्या सोमवारपर्यंत बघू. पू हटला नाही तर पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल."

आत्या म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. पुणतांब्याच्या अलीकडं एका वस्तीवर राहते. दोन हायब्रीड गायी, थोडा ऊस आणि तिचे मालक, ज्यांना आम्ही मामाच म्हणतो. अनवाणी फिरायची तिची सवय. ऊस तुटून गेल्यावर जमिनीत जी बुडखी राहतात ती सुरीसारखी असतात. त्यातलं एक तिच्या टाचेत घुसलं. दोन महिने तिनं कुणाला दाखवलं नाही. पायाची सूज गुडघ्यापर्यंत आली तेव्हा मामांनी तिला पॅसेंजरमध्ये घातलं आणि नगरला माझ्या हवाली केलं. पोरगा जंतूंचंच शिकतोय, त्याला कळंल, असा त्यांचा हिशोब. मला काहीच कळत नव्हतं. मी तोपर्यंत जंतू फक्त काचेच्या बशीत बघितले होते.

दवाखान्यात तिला साखर निघाली. डायबेटीस. तिला ते पटेना. म्हणाली, "साखर कुठनं यायची? आमच्यात तर गुळाचा च्या असतो." शेजारच्या कॉटवरची बाई हसली. मीही हसलो. डॉक्टर नाही हसले.

आत्याला पायाची काळजी होती ती गायीसाठी. थोरली गाय तिच्याशिवाय कुणाला पान्हा सोडायची नाही. मामा कासेला बसले की शेपटीनं थोबाडायची. मामा निरोप पाठवायचे, दूध निम्म्यावर आलंय, गाय आटायला लागलीय. आत्या ते ऐकून भिंतीकडं तोंड करायची. एक पाय नसला तर गायीखाली उकिडवं बसता येत नाही, एवढं तिला डॉक्टरांनी न सांगता कळत होतं.

पुवाचा रिपोर्ट आला. तीन औषधांपुढे इंग्रजी आर. म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्या औषधाला भीक घालत नाहीत. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि आत्याला विचारलं, "बाई, तुम्ही म्हणता नुसती हळद लावली. मग तुमच्या जंतूंनी एवढी औषधं बघितली कुठं?"

आत्या म्हणाली, "हळदच लावली."

आणि ती खिडकीतून बाहेर बघायला लागली. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं, दवाखान्याचा जनरेटर होता.

मी कॉलेजात आमच्या मॅडमना गाठलं. मॅडम पुण्याकडच्या, बारीक चणीच्या, नगरच्या उन्हाला आणि आमच्या वर्गाला सारख्याच वैतागलेल्या. पण प्रश्न विचारला की खुर्ची ओढून बसायच्या. मी म्हणालो, हळद लावणाऱ्या बाईच्या टाचेत तीन-तीन औषधं पचवणारे जंतू कसे येतील?

त्या म्हणाल्या, जंतू एकटा-एकटा लढतो असं आपण धरून चालतो, तिथंच चुकतो. ते एकमेकांशी बोलतात. तोंडानं नाही, पदार्थानं. काही गोल जंतू असतात, आतड्यात राहणारे, जनावरांच्या शेणातून दुधात उतरणारे. त्यातल्या काहींकडं डीएनएचं एक जादा कडं असतं, आणि त्या कड्यावर औषधाला पुरून उरायची युक्ती लिहिलेली असू शकते. ज्याच्याकडं कडं नाही तो आजूबाजूच्या पाण्यात एक अगदी बारीक पदार्थ सोडत राहतो. हाकच समज. कडंवाल्याला ती हाक पोचली की त्याचं अंग चिकट होतं, तो जाऊन हाक देणाऱ्याला बिलगतो आणि कड्याची एक प्रत त्याला देऊन टाकतो. स्वतःचं कडं स्वतःकडं राहतंच. प्रत मिळाली की याची हाक बंद. आता हाही कडंवाला, हा पुढच्याच्या हाकेला जाणार.

मी विचारलं, मग औषध काय करतं?

"पुरतं दिलं तर मारतं," मॅडम म्हणाल्या. "अर्धवट दिलं तर बिनकड्याचे मारतं आणि कडंवाल्यांना जागा मोकळी करून देतं."

जखमेत हे सगळे एका बुळबुळीत थरात चिकटून बसतात, तेही त्यांनी सांगितलं. काही जातींचे जंतू तर आपण किती जमलोय याचा अंदाज घेतात. प्रत्येक जण थोडा थोडा पदार्थ सोडतो, तो पुरेसा दाट झाला की सगळे मिळून थर घट्ट करायला घेतात. त्या थरात औषध शिरत नाही, आणि इतक्या दाटीत प्रती वाटणंही सोपं. याला हल्ली कोरमचाच शब्द वापरायला लागलेत म्हणाल्या. मला आमची सोसायटीची सभा आठवली. कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब, अर्ध्या तासानं त्याच पाच माणसांत ठराव मंजूर. मी सेक्रेटरीच्या आवाजात ते म्हणून दाखवलं. मॅडम हसल्या, मग म्हणाल्या, जंतू तसली पळवाट काढत नाहीत, त्यांचा कोरम खरा असतो. आणि जाता जाता हेही म्हणाल्या, की तुझ्या आत्याच्या टाचेत नेमकं हेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही.

शनिवारी मी पॅसेंजरनं वस्तीवर गेलो. मामांना दोन दिवस धारेतून सोडवायचं, एवढंच डोक्यात होतं. थोरल्या गायीनं मलाही लाथ दाखवली. तिचा एक सड सुजलेला होता, कासेचा तो भाग दगडासारखा घट्ट. आमच्याकडं या रोगाला दगडीच म्हणतात. मी मागं सरलो आणि आत्याच्या आवाजात सुरू केलं. आत्या धार काढताना गायीला दिवसभराच्या तक्रारी सांगते, जरा नाकात, जरा लाडात. मी तसंच म्हणालो, "थांब गं बये, थांब, तुझ्या मालकाला अक्कल न्हाई, मला हाय ना." गायीनं कान मागं वळवले. थोड्या वेळानं पान्हा सोडला. मामा गव्हाणीला टेकून बघत होते. ते हसले नाहीत, टोपीनं तोंड पुसलं त्यांनी.

धार काढून उठलो तेव्हा गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात ती दिसली. दगडीची ट्यूब. इंजेक्शनच्या सिरिंजसारखी प्लॅस्टिकची असते, पुढं लांब निमुळतं तोंड, ते गायीच्या सडात घालून मलम आत दाबायचं. ट्यूब अर्धी उरलेली. तोंडाला मलम वाळलेलं आणि शेजारी निळ्या लुगड्याची चिंधी. आत्याला नगरला आणली तेव्हा तिच्या टाचेला हीच निळी चिंधी बांधलेली होती.

मी मामांना विचारलं, ही तिनं पायाला लावली का? मामा म्हणाले, "तिलाच इचार. मी बोललो तर मला घरात राहायचं हाय."

म्हणजे गायीच्या सडात जाऊन आलेलं तोंड टाचेच्या भोकात. वर्षभर ती गाय दगडीनं आजारी पडत होती, दर वेळी अर्धी ट्यूब, सूज उतरली की बंद. त्या सडातले जंतू औषधाला सरावलेले. तेच ट्यूबच्या तोंडावर बसून आत्याच्या पायात उतरले असतील. मला गोठ्यातच खाली बसावंसं वाटलं. शेणात बसलोही.

मी एक बाटली उकळून घेतली, तिच्यात त्या आजारी सडाचं थोडं दूध घातलं आणि ट्यूबसकट नगरला आणलं. सोमवारी, पायाच्या निर्णयाला बरोबर आठवडा उरला असताना, डॉक्टरांना ट्यूब दाखवली. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त चष्मा काढला. म्हणाले, एका ट्यूबनं तीन आर येत नाहीत, आणखीही काही काही लावलेलं असणार. आमच्या लॅबकडं तपासायला पाच-सहाच औषधांच्या, जंतूंवर ठेवून बघायच्या कागदी चकत्या आहेत. कुठली कुठली औषधं लावून झाली ते कळलं तर कुठलं शिल्लक आहे ते कळेल. माझं ऐकत नाही ती. तू काढ तिच्याकडून.

मी आत्याला सरळ विचारलं. ती म्हणाली, ट्यूब गायीचीच हाय, मला कशाला लावू. मी चिंधीचं सांगितलं. ती म्हणाली, लुगडं काय एकाच कामाला फाडत्यात? आणि झोपल्याचं सोंग घेतलं. सोंग मला कळतं, पण त्यापुढं माझा इलाज नव्हता.

त्या आठवड्यात मॅडमनी मला लॅबमध्ये एक कोपरा दिला. दूध बशीत पसरलं, गोल जंतू निघाले. टेट्रासायक्लिन घातलेल्या बशीतही ते मजेत वाढले. मग मॅडमनी सांगितलं तसं केलं. कॉलेजकडं त्याच जातीचा एक साधा जंतू होता, कुठल्याही औषधानं मरणारा, पोरांना शिकवायला ठेवलेला. तो रात्रभर जंतू वाढवायच्या रसात वाढवला, जंतू काढून टाकले आणि उरलेला रस कुकरमध्ये शिजवला. म्हणजे त्यात जिवंत काही राहिलं नाही, राहिला तर तो सोडलेला पदार्थ. तो थोडासा रस मी गायीच्या जंतूंच्या नळीत टाकला. त्याच जंतूंच्या दुसऱ्या नळीत नुसताच कोरा रस. वीज दोनदा गेली, मी नळ्या बनियनच्या आत धरून बसलो, ऊब टिकावी म्हणून.

तीन-चार तासांनी कोऱ्या नळीत तसाच गढूळपणा होता. दुसऱ्या नळीतले जंतू गोळा होऊन तळाशी बसले होते, नासलेल्या दुधासारखे. वरचं पाणी निवळ. हाक देणारे मरून शिजून गेले होते, तरी हाकेला हे धावले होते, एकमेकांनाच चिकटले होते.

मॅडमनी नळी उजेडात धरली. "लिहून ठेव," म्हणाल्या. माझ्या आयुष्यातला पहिला यशस्वी प्रयोग. मला काहीच आनंद झाला नाही. डोळे चुरचुरत होते आणि गुरुवार उजाडला होता.

गुरुवारी संध्याकाळी आत्याची कणकण जरा उतरली होती. शेजारची कॉट रिकामी झाली होती. मी डबा उघडून दिला आणि असंच सुरू केलं. तिच्या वस्तीवरच्या बायका, दर सुट्टीत ऐकलेल्या. आधी पलीकडच्या बांधावरची, जी बोलताना प्रत्येक वाक्य खाली ठेवते आणि परत उचलते. मी तिच्या आवाजात म्हणालो, "काय गं, पाय दुकतोय व्हय? थांब, माझ्याकडं पांढरी गोळी हाय."

आत्या घास हातात धरून हसली. "ती पांढरी न्हवती देत," म्हणाली. "लाल-पिवळी कॅप्सूल. आन ती गिळायला न्हाई देत, फोडून पूड जखमेवर टाकाया सांगती."

मी चुकल्यासारखं केलं. मग दुधाच्या टेम्पोवाल्याच्या बायकोची घेतली, भसाडी, खांद्यावरून बोलणारी. म्हणालो, ही तर नुसता सल्लाच देत असंल. आत्या म्हणाली, ती कुठली सल्ला देती, तिनं पोराच्या घशाच्या गोळ्या दिल्या, पोरगं दोन दिवसांत बरं झालं म्हणून उरल्या हुत्या, तीन हुत्या, दोन मी घेतल्या, एक हिकडच्या म्हातारीला दिली. मी म्हातारी काढली. आत्यानं म्हातारीचा सूर दुरुस्त केला आणि तिनं जनावराच्या डॉक्टरनं टाकलेल्या बाटलीतली उरलेली पूड आणून दिली होती हेही सांगितलं. बाई कुठल्या हातानं देते, कशात बांधून देते, देताना काय म्हणते, सगळं. एकीला हाक मारली की ती येते, जवळ बसते, आपल्यातलं थोडं काढून देते. कुणाचं कधी संपत नाही, कारण दुसरीकडून आलेलं असतं.

मी प्रॅक्टिकलच्या वहीच्या मागं लिहीत होतो. आणखी एक-दोघी काढल्या, आणि पाचवं औषध लिहिताना तिचं लक्ष गेलं.

"लिहितोस व्हय रे?"

मी पेन खाली ठेवलं. तिनं डब्याचं झाकण लावलं, चपाती अर्धी राहिलेली असताना.

डॉक्टरांनी यादी रात्रीच वाचली. आधीचं इंजेक्शन बंद केलं. या यादीत ज्या घराण्याचं काहीच नव्हतं अशी दोन औषधं जोडीनं चालू केली, आणि रोज सकाळी ऑपरेशनच्या खोलीत नेऊन टाचेतला तो बुळबुळीत थर खरवडून काढायला लागले. थर राहिला तर औषध वरूनच वाहून जातं म्हणाले. आत्या ओरडायची नाही. बाहेर आणल्यावर तिच्या ओठांवर दातांचे व्रण असायचे.

शुक्रवारी तिनं मला जवळ बोलावलं. मामांनी एसटीडी बूथवरून दवाखान्यात फोन करून तिला सांगितलं होतं, पोरानं तुझ्या आवाजात गाय फसवली म्हणून. कौतुकानंच सांगितलं असणार त्यांनी.

आत्या म्हणाली, "गायीला फसवलंस ते ठीक. मुकं जनावर हाय. मला बी तसंच फसवलंस."

मी म्हणालो, तुझा पाय जात होता.

"त्या बायांनी माझं चांगलं बघून दिलं. कुणी इकत न्हाई दिलं. मला ठाऊक हुतं डॉक्टर इचारंल, म्हणून मी तोंड उघडत न्हवते. तू त्यांची यादी केली, दवाखान्याच्या कागदावर. उद्या कुनी म्हनलं, ह्या बायांनी हिचा पाय खाल्ला, तर?"

मी म्हणालो, यादीत नावं नाहीत, फक्त औषधं आहेत. वही दाखवली. तिला वाचता येत नाही. तिनं वहीकडं बघितलंही नाही. म्हणाली, "माझ्या पुढ्यात आता कुनाचा आवाज काढू नको."

मी काढला नाही. शनिवार, रविवार मी डबा उघडून द्यायचो आणि रिकामा उचलायचो, तेवढंच. नर्सला वाटलं काहीतरी वाईट बातमी आलीय.

सोमवारी डॉक्टरांनी पट्टी सोडली. वास होता, पण पातळ झाला होता. त्यांनी बोटानं टाचेच्या कडेनं दाबून बघितलं, पोटरीपर्यंत गेले, परत खाली आले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो आणि आत्या माझ्या.

"आज नको," ते म्हणाले. "गुरुवारी बघू."

मग गुरुवार, मग पुढचा सोमवार. असे अनेक झाले. पाय राहिला. टाचेचा निम्मा मांसल भाग गेला, तिथं आता खळगा आहे, लिंबू बसेल एवढा. घरी सोडताना आत्यानं डॉक्टरांना विचारलं, जंतू मेले का? ते म्हणाले, कमी झाले, सगळे गेले असं मी म्हणणार नाही. ती म्हणाली, खरं बोलला त्याबद्दल बरं वाटलं.

माझी परीक्षा झाली. पेपरात जंतूंच्या हाकेचा प्रश्न आलाच नाही.

त्यानंतर दर शनिवारी मी पट्टी बदलायला वस्तीवर जायचो. पाणी उकळायचं, हात धुवायचे, चिमटा उकळायचा. आत्या उंबऱ्यावर पाय लांब करून बसायची आणि ओसरीवरल्या कोंबड्यांशी बोलायची. माझ्याशी कामापुरतं. बायका यायच्या, पाय बघून हळहळायच्या, आत्या त्यांना उसाच्या बुडख्याला शिव्या देऊन दाखवायची, आणि मी खाली मान घालून कापूस भिजवायचो. त्या यादीचं त्यातल्या एकीलाही आजवर माहीत नाही.

चौथ्या की पाचव्या शनिवारी मी पट्टी गुंडाळत होतो. ओसरीवर कुणी नव्हतं. आत्या कोंबड्यांकडंच बघत म्हणाली, "परवा पिवळी गोळी आणून दिली त्या बांधावरचीनं. कापसासंगं ठिवलीय फळीवर. घेतली न्हाई मी. तुला सांगून ठिवते."

मी मान हलवली. पट्टीचं टोक दुमडून चिकटपट्टी लावली आणि तिला विचारलं, घट्ट तर नाही झाली ना. ती म्हणाली, न्हाई, बरी हाय.